सुमोतले उगवते पैलवान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओनोसातो २०२५ च्या मे महिन्यात योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च पदाचा पैलवान, झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युक्रेनच्या आओनिशिकीने फुकुओकाची स्पर्धा जिंकली. तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतो: हे दोघं वर येण्याआधीच आपल्याला दिसले असते का? दिसले असते. खालच्या गटांतल्या लढतींचे निकाल दररोज जाहीर होतात, फक्त ते वाचायचे कसे हे माहीत हवं. त्याबद्दल ज्या शंका पुन्हापुन्हा येतात त्या इथे एकत्र केल्या आहेत. सुमो नुकतंच बघायला लागला असाल तर पहिल्यापासून वाचा, नाहीतर हवा तो प्रश्न गाठा.

१. सुमोत एकूण गट किती? नवा मुलगा कुठून सुरुवात करतो?

गट सहा. खालून वर जोनोकुची, जोनिदान, सान्दानमे, माकुशिता, जूर्यो आणि माकुउची. माकुउचीत ४२ पैलवान, जूर्योत २८, माकुशितात १२०, आणि बाकीचे सगळे खालच्या तीन गटांत. एकूण संख्या ६०० च्या आसपास असते. प्रत्येक क्रमांकाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन जागा असतात, त्यात पूर्वेची थोडी वरची. माकुउचीच्या आत पुन्हा खालून वर माएगाशिरा, कोमुसुबी, सेकिवाके, ओझेकी आणि योकोझुना अशी उतरंड आहे.

नव्या मुलाचं नाव सुरुवातीला या यादीत नसतंच. तो आधी माएझुमो म्हणजे यादीबाहेरच्या लढती खेळतो आणि पुढच्या स्पर्धेत त्याचं नाव जोनोकुचीत लागतं. माएझुमो झाल्यावर या मुलांना दोह्योवर, म्हणजे मातीच्या आखाड्यावर, उभं करून प्रेक्षकांना त्यांची ओळख करून देतात. अंगावर तालमीतल्या मोठ्या पैलवानांच्या उसन्या नक्षीदार केशो-मावाशी, म्हणजे समारंभाचे कमरपट्टे, असतात. जपानमध्ये शाळा मार्चमध्ये संपते, म्हणून ओसाकाच्या मार्चच्या स्पर्धेत नव्या मुलांची सर्वात मोठी तुकडी येते. नव्याने यादी करायची तर मार्चइतका चांगला महिना नाही.

२. वर्षात स्पर्धा किती? खालचे पैलवान रोज का लढत नाहीत?

मुख्य स्पर्धेला बाशो म्हणतात. वर्षात सहा बाशो होतात: जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये टोकियोत, मार्चमध्ये ओसाकाला, जुलैत नागोयाला, नोव्हेंबरमध्ये फुकुओकाला. प्रत्येक बाशो १५ दिवसांचा.

जूर्यो आणि माकुउचीतले पैलवान पंधराही दिवस लढतात. माकुशिता आणि त्याखालच्यांच्या वाट्याला सातच लढती येतात, साधारण दोन दिवसांत एक. म्हणून वर ८ विजय म्हणजे काचिकोशी, खाली ४ विजय म्हणजे काचिकोशी. काचिकोशी झाली की क्रमांक चढतो. माकेकोशी, म्हणजे पराभव जास्त झाले, की उतरतो.

खालच्या गटांत जोड्या लावताना सारखा निकाल असलेल्यांना एकमेकांसमोर आणतात. ३-० (तीन विजय, शून्य पराभव) वाल्याची गाठ ३-० वाल्याशी. त्यामुळे शेवटच्या दिवसांत प्रत्येक गटात एखाददुसराच अपराजित उरतो, आणि पाचव्या-सहाव्या लढतीतला प्रतिस्पर्धी पहिल्या लढतीपेक्षा बराच कठीण असतो.

३. भारतातून खालच्या गटांच्या लढती कधी आणि कशा बघायच्या?

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. जोनोकुचीच्या लढती भारतीय वेळेनुसार पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात, जूर्योच्या सकाळी अकराच्या आसपास, माकुउचीच्या दुपारी साडेबाराच्या पुढे, आणि अडीचला दिवस संपतो. शेवटच्या तीन दिवसांत खालच्या लढती कमी होतात, म्हणून सुरुवात उशिरा होते.

जपान सुमो संघटनेच्या इंग्रजी संकेतस्थळावर सर्व सहा गटांचे रोजचे निकाल असतात. एनएचके वर्ल्ड या जपानी वाहिनीवरचे ठळक क्षण फक्त माकुउचीचे असतात, त्यामुळे नवी पोरं तिथे शोधू नका. जुन्या नोंदींसाठी सुमो रेफरन्स या माहितीकोशाला तोड नाही. एखाद्या पैलवानाच्या अगदी पहिल्या बाशोपासूनचा एकेक निकाल आणि एकेक डाव तिथे सापडतो.

४. बान्झुके म्हणजे काय आणि ती कधी येते?

बान्झुके ही क्रमवारीची अधिकृत यादी. बाशो सुरू होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, सोमवारी जाहीर होते. पंच ती हाताने, कुंचल्याने लिहितात. योकोझुनाची नावं ठसठशीत, आणि जसजसं खाली यावं तसतशी अक्षरं बारीक होत जातात. जोनोकुचीची नावं इतकी बारीक असतात की त्या पैलवानांना ‘भिंगवाले’ असं टोपणनाव पडलं आहे. तुमच्या यादीतलं नाव दर दोन महिन्यांनी थोडं जाड झालेलं दिसणं हा या छंदातला मोठा आनंद आहे, म्हणून छापील बान्झुकेचं चित्र एकदा तरी मोठं करून बघा.

५. ७-० केलं तर पैलवान किती वर जातो?

कुठून केलं त्यावर अवलंबून आहे. जोनोकुचीत ७-० केलं तर जोनिदानच्या बऱ्याच वरच्या भागात उडी जाते. जोनिदानातून सान्दानमेत आणि सान्दानमेतून माकुशितात जाणं ठरलेलंच. माकुशितात मात्र एक महत्त्वाची रेघ आहे. पहिल्या १५ क्रमांकांच्या आत राहून ७-० केलं तर जूर्योत बढती द्यायची, असा प्रघात आहे. १६ वर किंवा त्याखाली असलेल्याला हा आधार नाही. तो वर येतो, पण माकुशितातच थांबतो.

६. पहिल्या दोन-तीन स्पर्धांत अजिंक्य राहिला म्हणजे हा पुढचा योकोझुना समजायचा का?

नाही. सर्वात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर.

जोनोकुचीत १५ वर्षांचा शाळा सोडलेला मुलगा असतो, तसाच २२ वर्षांचा, विद्यापीठाच्या संघातून चार वर्षं लढून आलेला गडीही असतो. दुसऱ्याने ७-० करणं अपेक्षितच आहे. त्यातून एवढंच कळतं की तो जोनोकुचीच्या लायकीचा नाही, वरचा आहे. किती वरचा, ते माकुशितात कळेल.

जोकोर्यू या पैलवानाने २०११ ला सुरुवात करून ओळीने २७ लढती जिंकल्या. पदार्पणापासूनचा हा विक्रम आहे. तो पुढे कोमुसुबीपर्यंत पोचला, त्यावर गेला नाही, आणि दुखापतींनी त्याला पुन्हा खाली ओढलं.

आता दुसरी बाजू. मंगोलियाहून २००० साली आलेल्या एका सडपातळ मुलाचं वजन ६२ किलो होतं. त्याला कुठलीच तालीम घ्यायला तयार नव्हती, अगदी परत जायची वेळ आली तेव्हा एकीने घेतलं. २००१ च्या मे मध्ये जोनोकुचीतल्या पहिल्याच बाशोत त्याने ३-४ केलं, म्हणजे माकेकोशी. तो हाकुहो. पुढे त्याने ४५ स्पर्धा जिंकल्या, इतक्या आजवर कुणीच जिंकलेल्या नाहीत. त्या मे महिन्यात फक्त निकाल बघून यादी केली असती तर हाकुहो तिच्यात नसता.

आणि वेगाने चढलेला वेगानेच चढत राहील असंही नाही. किसेनोसातो १७ व्या वर्षी जूर्योत आणि १८ व्या वर्षी माकुउचीत पोचला. योकोझुना व्हायला २०१७ साल उजाडलं, तेव्हा तो ३० वर्षांचा होता. बढतीचा वेग आणि पैलवानाची खरी उंची या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या वहीत निराळ्या रकान्यांत लिहा.

७. मग चांगला पोरगा ओळखायचा कसा?

आधी वय बघा. ताकानोहाना १७ वर्षं २ महिन्यांचा असताना जूर्योत आला आणि १९ वर्षं ५ महिन्यांचा असताना, जानेवारी १९९२ मध्ये, त्याने माकुउचीची स्पर्धा जिंकली. दोन्ही विक्रम अजून टिकून आहेत. इतकं विलक्षण कुणी रोज येत नाही, पण १६ वर्षांच्या मुलाने सान्दानमेत ५-२ करणं मला पदवीधराने जोनिदानात ७-० करण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

मग डाव बघा. निकालाच्या शेजारी विजयी डावाचं नाव असतं. योरिकिरी म्हणजे मावाशी (कमरपट्टा) धरून बाहेर रेटणं, ओशिदाशी म्हणजे ढकलून बाहेर काढणं. ही नावं वारंवार दिसली तर पोरगा पुढे चालून जिंकतोय. हाताकिकोमी, म्हणजे मागे सरकत समोरच्याला खाली थापटणं, हेच पुन्हापुन्हा दिसलं तर सावध व्हा. खालच्या गटांत ते खपतं, कारण समोरच्याचा तोल कच्चा असतो. माकुशितात मागे सरकणारा थेट दोह्योबाहेर जातो.

लढत प्रत्यक्ष बघायला मिळाली तर पायांकडे नजर ठेवा. चांगल्या पैलवानाचे तळवे मातीला घासत पुढे जातात, पाऊल उचललं जात नाही, गुडघे वाकलेले आणि कंबर खाली. पहिल्या धडकेनंतर हनुवटी वर येते की आत राहते तेही बघा. आओनिशिकीच्या लढती याचा उत्तम नमुना आहेत. डोकं समोरच्याच्या छातीला लावलेलं, नजर खाली, एक हात मावाशी शोधतोय, आणि समोरचा त्याला कितीही सरळ उभा करू पाहो, तो उभा होत नाही. त्याने लहानपणी फ्रीस्टाइल कुस्तीही केली आहे, ते कमरेच्या त्या वाकण्यात दिसतं.

शेवटची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते: हरल्यानंतरची लढत. पहिली लढत हरून पुढच्या सहा जिंकणाऱ्याचं नाव मी पहिल्या सहा जिंकून सातवी हरलेल्याच्या वर लिहिते. दोघांचं ६-१ असलं तरी पहिल्याने पराभव पचवून दाखवलेला असतो.

८. सगळे माकुशिताच्या वरच्या भागाबद्दल एवढं का बोलतात?

कारण सुमोतली सर्वात कठीण भिंत तिथे आहे. जूर्योपासून वरच्यांना सेकितोरी म्हणतात. त्यांना महिन्याचा पगार असतो, जूर्योत ११ लाख येन. माकुशितात पगार नाही, बाशोमागे थोडा भत्ता मिळतो, बाकी तालीम जेवू घालते. सेकितोरीला स्वतःची खोली मिळते, सरावाला पांढरी मावाशी मिळते, दिमतीला खालच्या गटातली मुलं असतात. माकुशिता एकचा पैलवान मोठ्या खोलीत इतरांबरोबर झोपतो आणि दुसऱ्याचं सामान उचलतो. त्याच्यात आणि जूर्यो चौदामध्ये ताकदीचा फरक कधीकधी नसतोच, आयुष्याचा मात्र प्रचंड असतो.

त्यामुळे इथे कुणी हातचं राखून लढत नाही. वीस वर्षांचा उमेदवार आणि पुन्हा पगारावर यायला धडपडणारा तिशीतला जुना सेकितोरी समोरासमोर येतात. जुन्याला सगळे डाव पाठ असतात आणि त्याला घरी बायकोपोरं असतात. शेवटच्या रविवारच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत माकुशिताच्या पहिल्या पाच क्रमांकांच्या लढती बघा. सुमोत याहून चुरशीचं मी काही बघितलेलं नाही, योकोझुनांच्या लढतींसकट.

जूर्योत कोण चढलं हे बाशो संपल्यावर येणाऱ्या बुधवारीच जाहीर करतात. बाकी सगळ्यांना बान्झुकेची वाट बघावी लागते. नव्या सेकितोरीला केशो-मावाशी आणि इतर साहित्य तयार करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून ही सवलत.

९. एकाने ४-३ केलं आणि तो जूर्योत गेला. दुसऱ्याने ५-२ करूनही तो राहिला. हा अन्याय नाही का?

नाही, क्रमांक बघा. माकुशिता एकवर ४-३ हे माकुशिता आठवर ५-२ पेक्षा वजनदार आहे. आणि वर जागा किती रिकाम्या झाल्या यावर सगळं ठरतं. जूर्योत २८ म्हणजे २८. वरून जितके घसरतील तितकेच खालून चढतात. एखाद्या बाशोत दोनच जागा निघतात, एखाद्यात बऱ्याच. ओनोसातोसुद्धा २०२३ च्या जुलैत माकुशिता तीनवर ४-३ करूनच जूर्योत गेला होता. तेव्हा त्या ४-३ कडे बघून काही जणांनी नाक मुरडलं असेल, पण पुढच्या दोन्ही बाशोत त्याने १२-३ केलं आणि माकुउची गाठली.

तुमच्या पैलवानाची शक्यता जोखायची असेल तर त्याचे विजय मोजण्याआधी जूर्योच्या तळाला कोण कोण माकेकोशीत आहे ते मोजा.

१०. काही जण थेट माकुशितातून सुरुवात कशी करतात?

याला त्सुकेदाशी म्हणतात. हौशी सुमोच्या मोठ्या स्पर्धांत चमकलेल्यांना खालचे गट वगळायची मुभा मिळते. पूर्वी कामगिरीनुसार माकुशिता १० किंवा १५ पासून सुरुवात करता येई. ओनोसातो २०२३ च्या मे मध्ये माकुशिता १० पासून आला. ओचिआई त्याच वर्षी जानेवारीत माकुशिता १५ पासून आला, पहिल्याच बाशोत ७-० केलं आणि एका स्पर्धेत जूर्योत गेला.

२०२३ च्या शरदात संघटनेने नियम बदलले. आता त्सुकेदाशीवाल्यांना माकुशिताच्या किंवा सान्दानमेच्या तळापासून सुरुवात करावी लागते. म्हणून नव्या मुलांच्या वेगाची तुलना ओनोसातोशी करू नका, त्याची शर्यत वेगळ्या रेषेपासून सुरू झाली होती. त्याने पदार्पणापासून सातव्या बाशोत, मे २०२४ मध्ये, माकुउची जिंकली आणि १३ बाशोंत योकोझुनापद मिळवलं. आधीचा विक्रम वाजिमाचा, २१ बाशोंचा. हे आकडे बराच काळ शाबूत राहतील असं मला वाटतं.

ताकेरुफुजीबद्दल हमखास विचारतात. तो विद्यापीठातून आला तरी त्सुकेदाशी नव्हता. त्याने माएझुमोपासून सुरुवात केली आणि दहाव्या बाशोत, मार्च २०२४ मध्ये, माकुउचीतल्या पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद मिळवलं. असं आधी १९१४ साली घडलं होतं.

११. परदेशी मुलांचा मार्ग वेगळा असतो का?

लढतींचे नियम तेच, दार मात्र अरुंद. एका तालमीत एकच परदेशी पैलवान ठेवता येतो. त्यामुळे जागा रिकामी होईपर्यंत चांगला मुलगाही ताटकळतो, आणि तेवढ्यात वय वाढतं.

आओनिशिकी व्हिन्नित्सा या युक्रेनच्या शहरातला. २०१९ साली ओसाकाजवळच्या साकाईत जागतिक कुमार स्पर्धेला आला तेव्हा त्याची एका जपानी विद्यार्थ्याशी ओळख झाली. २०२२ साली युद्ध सुरू झाल्यावर त्याच ओळखीच्या आधाराने तो जपानला आला, विद्यापीठाच्या संघात सराव केला आणि आजिगावा तालमीत शिरला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये माएझुमो, २०२५ च्या मार्चमध्ये माकुउची. तिथल्या पहिल्या चारही बाशोत ११-४, पाचव्यात १२-३ आणि बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक लढतीत योकोझुना होशोर्यूवर मात. त्यानंतर ओझेकी. ज्यांनी जोनोकुचीपासून त्याच्या नोंदी ठेवल्या त्यांना यातल्या सातत्याचं नवल वाटलं नाही.

१२. माझ्या यादीतला पैलवान अचानक गायब झाला. निवृत्त झाला का?

आधी नाव बदललंय का ते तपासा. बरेच जण स्वतःच्या आडनावाने लढायला लागतात आणि वर गेल्यावर शिकोना म्हणजे आखाड्यातलं नाव घेतात. प्रश्न १० मधला ओचिआई पुढे हाकुओहो झाला आणि २०२५ मध्ये हाकुनोफुजी. कुसानोचा त्याच सुमारास योशिनोफुजी झाला. ओझेकी कोतोझाकुराची सुरुवात कोतोकामातानी या नावाने झाली, मग त्याने वडिलांचं कोतोनोवाका हे नाव घेतलं आणि २०२४ मध्ये योकोझुना आजोबांचं.

वहीत नावाबरोबर तालीम, जन्मवर्ष आणि पदार्पणाचा महिना लिहिलात तर कुणी हरवणार नाही. नाव बदललेलं नसेल तर प्रश्न १४ बघा.

१३. तालीम कुठली यानं फरक पडतो का?

पडतो. जपानी हेया आपल्या कोल्हापूरच्या तालमीसारखीच चालते: पोरं तिथेच राहतात, तिथेच राबतात आणि वस्तादाचा शब्द शेवटचा. ज्या तालमीत तीन-चार सेकितोरी आहेत तिथला नवा मुलगा रोज सकाळी त्यांच्या धडका खातो. इसेगाहामा याचं उदाहरण. छोट्या तालमीत जोडीला तोलामोलाचा कुणी नसतो, त्याला सरावासाठी दुसरीकडे जावं लागतं.

मोठ्या तालमीचा आणखी एक फायदा आहे. एकाच तालमीतले पैलवान बाशोत एकमेकांशी लढत नाहीत. म्हणजे घरातले तीन बलाढ्य प्रतिस्पर्धी वाटेतून आपोआप दूर होतात. निकालांची तुलना करताना हे जमेस धरा. याच नियमाचा अपवाद प्रश्न १८ मध्ये आहे.

तालमी बंदही होतात. हाकुहोची मियागिनो तालीम २०२४ मध्ये बंद झाली आणि तिथले पैलवान इसेगाहामात गेले.

१४. जखमी होऊन घसरला तर यादीतून काढू का?

मी काढत नाही, आणि तुम्हीही काढू नये असं मनापासून सांगते.

सुमोत गैरहजेरीला दया नाही. पूर्वी बाशोत झालेल्या दुखापतीसाठी एका स्पर्धेपुरता क्रमांक राखून ठेवत, ती सवलत २००४ पासून गेली. आता न लढलेली लढत क्रमवारीच्या हिशेबात पराभवासारखीच धरतात. गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं की माणूस वर्षभर बाहेर, आणि तेवढ्यात जूर्योतला पैलवान थेट तळाला. जोनोकुचीत असताना एकही लढत दिली नाही तर बान्झुकेवरून नावच जातं आणि पुन्हा माएझुमोपासून यावं लागतं. म्हणून काही जखमी पैलवान पूर्ण बाशोत एकच लढत खेळायला येतात. पट्ट्या बांधलेला गुडघा घेऊन माणूस एकदाच दोह्योवर चढलेला दिसला तर तो नाव राखायला आलाय हे ओळखा.

तेरुनोफुजी ओझेकी होता. गुडघे आणि आजारपण यांनी त्याला २०१९ च्या मार्चमध्ये जोनिदानात आणून सोडलं. तिथून तो चढला, २०२० च्या जुलैत माकुउचीच्या तळाजवळून विजेतेपद मिळवलं आणि २०२१ मध्ये ७३ वा योकोझुना झाला. ऊराही गुडघ्यांपायी जोनिदानपर्यंत गेला आणि माकुउचीत परतला.

नोंद ठेवताना शून्य विजय आणि गैरहजेरी यांत गल्लत करू नका. तसंच समोरचा न आल्यामुळे मिळालेला विजयही वेगळ्या खुणेने लिहा. क्रमांकासाठी तो पूर्ण विजय आहे, पैलवान जोखायला त्याचा उपयोग नाही.

१५. माझा पोरगा सलग जिंकत होता आणि जोनिदानात एका वयस्क माणसाकडून हरला. आशा सोडू?

तो वयस्क माणूस कोण आहे ते आधी बघा. प्रश्न १४ मुळेच खालच्या गटांत अधूनमधून माजी ओझेकी भेटतो. आसानोयामा ओझेकी असताना निलंबित झाला आणि २०२२ च्या जुलैत सान्दानमेतून परतला. त्या बाशोत त्याच्याकडून हरलेल्यांना दोष कोण देणार? उलट अशा पैलवानासमोर कुणी दहा सेकंद टिकला तर ती लढत जपून ठेवा. आणि २०१९ च्या मार्चमधल्या जोनिदानच्या निर्णायक लढतीत तेरुनोफुजीला हरवणारा तरुण रोगा पुढे माकुउचीपर्यंत पोचला.

१६. माकुउचीत गेला आणि लगेच परत आला. चुकीचा माणूस निवडला का?

बहुतेक वेळा नाही. आतामिफुजी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, २० वर्षांचा असताना, माकुउचीत गेला, ४-११ करून जूर्योत आला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये परतला तेव्हा विजेतेपदासाठी ताकाकेइशोशी निर्णायक लढत खेळला. पहिल्या फेरीत वरच्यांचा वेग कळतो, दुसऱ्या फेरीत उत्तर तयार असतं. तिसऱ्यांदाही तसाच परत आला तर मात्र अपेक्षा थोडी खाली आणा.

१७. फोटोवरून पैलवानाचा गट ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. भर थंडीत पातळ युकाता (सुती किमोनो) आणि लाकडी गेता (खडावा) घालून फिरणारा जोनिदान किंवा खालचा. पायात सपाट सेत्ता आणि वर आखूड कोट असेल तर सान्दानमे किंवा माकुशिता. दोह्योवर काळी सुती मावाशी असेल तर माकुशिता किंवा खाली, रंगीत रेशमी असेल तर सेकितोरी.

केसांचा गिंको वृक्षाच्या पानासारखा पसरलेला बुचडा सेकितोरींचा. दोन अपवाद लक्षात ठेवा. माकुशितातला पैलवान जूर्योच्या लढतीत बदली म्हणून गेला तर त्या दिवशी तोही असा बुचडा बांधतो. आणि फार वेगाने चढलेल्यांचे केसच पुरत नाहीत. ताकेरुफुजी आणि ओनोसातो या दोघांनी पहिलं विजेतेपद साध्या शेंडीनेच जिंकलं.

१८. एकाच तालमीतले दोघं ७-० झाले तर विजेता कसा ठरतो?

शेवटच्या दिवशी दोघांची निर्णायक लढत होते. तालमीतले जोडीदार बाशोत एकमेकांसमोर येण्याचा हा एकमेव प्रसंग, भावाभावांनाही तोच नियम. ही लढत फक्त विजेतेपद आणि बक्षिसासाठी असते, माकुशितात ५ लाख येन, जोनोकुचीत १ लाख. क्रमवारीच्या हिशेबात ती धरत नाहीत, त्यामुळे हरलेल्याच्याही नावापुढे ७-० असंच लिहायचं. माकुशिताच्या पहिल्या पंधरातला असेल तर प्रश्न ५ मधला प्रघात त्यालाही लागू होतो.

१९. मुलींना यात जागा आहे का? भारतातून कुणी?

व्यावसायिक सुमोत स्त्रियांना प्रवेश नाही. हौशी सुमोत आहे, आणि तिथे वजनी गटही असतात. मुंबईच्या हेतल दवे यांनी २००९ च्या वर्ल्ड गेम्समध्ये भारतातर्फे सुमो खेळलं आहे. व्यावसायिक सुमोत शिरायला मुलाचं सक्तीचं शिक्षण पूर्ण झालेलं असावं आणि वय २३ च्या आत असावं लागतं, हौशी सुमोत मोठी कामगिरी असेल तर २५ च्या आत. १६७ सेंटिमीटर आणि ६७ किलोची जुनी अट आता शिथिल झाली आहे, त्यात न बसणाऱ्याची शारीरिक क्षमतेची चाचणी घेतात. परदेशी मुलासाठी प्रश्न ११ मधली अट वेगळी.

२०. एका वेळी किती पैलवानांवर लक्ष ठेवावं?

पाच-सहा पुरेत, आणि निरनिराळ्या गटांतले निवडा: मार्चमध्ये आलेला एखादा पंधरा वर्षांचा, एक सान्दानमेतला, दोन माकुशिताच्या वरच्या भागातले, एक नुकता जूर्योत पोचलेला, आणि एक जखमी होऊन पडलेला. दर बाशोला क्रमांक, निकाल, विजयी डाव, कुणाकडून हरला आणि वजन एवढं टिपा. खालच्या गटात एका पैलवानाच्या सातच लढती असतात, तेव्हा प्रत्येकीला एक ओळ दिली तरी पान भरत नाही. बाशो चालू असताना यादी बदलू नका. चौथ्या दिवशी ०-२ असलेला तेराव्या दिवशी ५-२ झालेला अनेकदा दिसतो.